घडीचा डोंगर

एप्रिलात दुपारी अडीचला
कंधारच्या बाजारात कुत्रंही जागचं हलत नाही,
तेव्हा खदीर आला, सायकलच्या हँडलला
पिशवीत अडकवून
वरच्या मुलखातला एक डोंगर.

सोळा चौकोन, कापडावर डकवलेले,
मधे करंगळीएवढ्या फटी, घडी पडावी म्हणून.
डावा खालचा कोपरा वाळवीनं खाल्लेला.
"दादा होते मोजणीत," म्हणाला,
"साखळी धरायचे. पायाची दोन बोटं
तिकडंच ठेवून आले."

मी वह्या शिवतो. पोथी, कुराण,
सोसायटीची खतावणी,
सगळ्यांना एकच खळ:
मैदा आणि चिमूटभर मोरचूद.
डोंगर मात्र दुकानात पहिल्यांदाच.

पसरला. कात्री, हातोडी, अडकित्ता ठेवला कोपऱ्यांवर.
चौथ्या कोपऱ्यावर चहाचा कप ठेवला
आणि लगेच उचलला.

तपकिरी रेषा, केसाहून बारीक,
काही ठिकाणी एवढ्या दाट
की भिंगातही सुट्या होईनात.
एका टोकावर आकडा: एकोणीस हजार चारशे बारा.
खदीरकडं नंतरची आवृत्तीही होती, हैदराबादेहून आणलेली.
तीत तेच टोक एकोणीस फुटांनी खाली.
एकोणीस फूट म्हणजे
उन्हाळ्यात आमच्या आडाचं पाणी उतरतं तेवढं.
तिकडं कुणाला कळलंही नसेल.

आणि जुन्या कागदावर, दोन सुळक्यांच्या मधे,
जिभेला न वळणाऱ्या सगळ्या नावांत
एक निळी रेघ, तिरकी अक्षरं:
मन्याड नाला.

मी चष्मा पुसला. मन्याड?
ही आपली, गावाशेजारची?
खदीर हसला. मौलासाब मरेस्तोवर सांगायचे,
"साब पुछे, नाले का नाम क्या.
मेरेकु क्या मालूम? तीन दिन से धुआँ ही धुआँ,
आदमी दिखा न बकरी.
मैं बोल दिया, मन्याड."

नव्या आवृत्तीत तो नाला आहे.
वळणंही तीच.
नाव नाही.

अडलं ते पांढऱ्यापाशी.
वरच्या उजव्या चौकोनात रेषा एकदम थांबतात,
पुढं कोरा कागद, मोजणी न झालेला.
आणि खाली वाळवीचं भोक, तेही पांढरं,
मागून कापड दिसतं म्हणून.
एक, जिथं कुणी गेलंच नाही.
एक, जिथं मौलासाब गेले होते
आणि गेल्याची खूण किड्यानं खाल्ली.
खळ वाळली की दोन्ही सारखीच दिसणार.
खदीर म्हणाला, "रेषा काढून टाका ना अंदाजानं,
फ्रेममधी कोण बघतंय."
मी काही बोललो नाही. खळ ढवळत राहिलो.

तेवढ्यात मागच्या खोलीतून माय आली,
पदराला हात पुसत.
तिला अक्षर येत नाही.
बहात्तरला बांधावर होती, बरबड्याच्या माळावर,
ओव्हरसियर खुंट्या ठोकत पुढं
आणि ह्या बाया पाट्या घेऊन मागं.
वाकली, बराच वेळ बघितलं.
"ही तर आमची लाइन," म्हणाली.
"खुंटीपासून खुंटी. ह्या लाइनीनं चाललं
की दम लागत नाही.
लाइन सोडली की चढ."

भूगोलाच्या मास्तरांनी वर्षभर शिकवलेलं
मला तेव्हा कळलं.

भोकाला मी साधं मांजरपाट लावलं, न रंगवता,
जरा पिवळसर, वेगळं दिसेल असं.
कोऱ्याला हात लावला नाही.
खदीरनं साठ रुपये दिले, दहा उधार ठेवले.

पण त्याआधी, खळ ओली असताना,
माय बोट ठेवून एका रेषेवरून निघाली होती,
हळू, डोक्यावर पाटी असल्यासारखी.
चौकोन संपला, फट आली.
तिनं बोट उचललं,
ओढा ओलांडावा तसं,
आणि पलीकडं ठेवलं.